सोसायटीच्या पार्किंगमध्ये बॉबर: बांधणीपासून ट्यूनिंगपर्यंत

बॉबर, म्हणजे जादा भाग काढून हलकी केलेली मोटरसायकल, बांधायची म्हणजे बहुतेक काम काढून टाकण्याचं. १९३०-४० च्या दशकांत अमेरिकेत हौशी पोरांनी जड गाड्यांचं पुढचं मडगार्ड उतरवलं, मागचं आखूड केलं, मागची सीट आणि क्रोमचा सगळा जामानिमा काढला आणि गाडी हलकी केली. चॉपरवाल्यांनी पुढे जाऊन फ्रेमच कापली, फोर्क लांबवले. बॉबरवाल्यांनी फ्रेम होती तशी ठेवली. ज्याच्याकडे गॅरेज नाही, वेल्डिंगची परवानगी नाही आणि डोक्यावर सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, त्याला हा फरक फार उपयोगाचा आहे.

म्हणून पहिल्याच दिवशी एक नियम करून टाका. फ्रेमला ग्राइंडर लागणार नाही, फ्रेमवर वेल्डिंग होणार नाही आणि प्रत्येक नवा भाग कंपनीने दिलेल्या जुन्याच भोकांत बोल्टने बसेल. एका रविवारात गाडी पुन्हा मूळ रूपात आणता आली पाहिजे. पुढचं सगळं याच नियमाला धरून लिहिलं आहे. हार्डटेल, म्हणजे मागचे शॉकअप काढून टाकलेली फ्रेम, फोटोत झकास दिसते. पावसाळ्यात घाटकोपर ते सायन रोज जाणाऱ्याने तिचा नाद करू नये.

कायदा आधी, पाना नंतर

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, आरसीवरचा तपशील आणि कंपनीचं मूळ स्पेसिफिकेशन यांच्यात फरक पडेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हे आणखी स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द नीट वाचा. चार बदल पकडले तर हिशोब चारदा होतो.

याचा व्यवहारात अर्थ असा. इंजिन, चासी, इंधनाचा प्रकार यांना हात नाही. रंग आरसीवर लिहिलेला असतो, तो बदलायचा तर आरटीओत नोंद करून घ्यावी लागते. त्यापेक्षा मुळात काळी गाडीच घ्या, बॉबरला काळाच रंग शोभतो. आरसे, इंडिकेटर, हॉर्न, मागचा लाल दिवा आणि हाय सिक्युरिटी नंबर प्लेट जागेवर हवी. प्लेट चाकाच्या बाजूला उभी लटकवायची फॅशन आहे, तिच्या भानगडीत पडू नका. मागच्या चाकाचा निम्मा तरी भाग झाकणारा साडीगार्ड केंद्रीय मोटार वाहन नियमांत सांगितलेला आहे. तो जाड सळईऐवजी बारीक पट्टीचा, चाकाच्या गोलाईला धरून बनवून घेतला तर डोळ्यांत खुपत नाही. काम सुरू करण्याआधी तुमच्या आरटीओत, म्हणजे ताडदेव, अंधेरी, वडाळा किंवा बोरिवली जे असेल तिथे, जाऊन तुमच्या यादीतलं काय चालेल ते विचारून या. एजंटाला विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी 'होऊन जाईल' असंच असतं. विमा कंपनीलाही लेखी कळवा; न कळवलेला बदल क्लेमच्या वेळी नेमका आठवतो.

आणि एक सरळ पर्याय सांगून ठेवतो. कोणाला फक्त बॉबर चालवायची असेल, बांधायची नसेल, तर जावा पेराक २०२० पासून आणि रॉयल एनफिल्डची गोअन क्लासिक ३५० नोव्हेंबर २०२४ पासून थेट शोरूममधून मिळते. लेखाचा पुढचा भाग ज्यांचे हात शिवशिवतात त्यांच्यासाठी.

कुठली गाडी घ्यावी

माझं मत स्पष्ट आहे: प्रदूषणाच्या बीएस ६ नियमाआधीची, कार्ब्युरेटरवाली, एबीएस नसलेली रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५०. इंजिन ३४६ सीसीचं यूसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच घरात), बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ७० मिमी, स्ट्रोक म्हणजे पिस्टनचा प्रवास ९० मिमी. लांब स्ट्रोकमुळे खालच्या आरपीएमला ओढ चांगली, म्हणजे बॉबरच्या स्वभावाला साजेशी. टॅपेट हायड्रॉलिक, त्यामुळे सेटिंगची कटकट नाही. सगळ्यात मोठी सोय म्हणजे हिची पुढची स्प्रिंगवाली सीट आणि मागची सीट वेगवेगळ्या असतात आणि मागची चार बोल्टांत निघते. अर्धी बॉबर कंपनीनेच करून दिलेली आहे.

बिडाच्या (कास्ट आयर्नच्या) इंजिनाची जुनी बुलेट जास्त देखणी, यात वाद नाही. पण तिचा गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला, आणि वय पंधरा वर्षांच्या पलीकडे. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण, दर पाच वर्षांनी तपासणी आणि पर्यावरण कर आला. तपासणीला गाडी मूळ रूपात न्यावी लागेल हे गृहीत धरा. नवी ३४९ सीसी जे-सिरीज उत्तम इंजिन आहे, पण तिथे इंधन इंजेक्शन आणि सेन्सर यांचं राज्य. घरच्या ट्यूनिंगला वाव कमी.

जुनी गाडी बघताना चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी अंक-अंक जुळवा. नंबरावर घासल्याच्या खुणा किंवा ताजा रंग दिसला तर तिथूनच परत फिरा. मग फ्रेम बघा. किनाऱ्याजवळच्या वस्तीत, वर्सोवा किंवा माहीमला, वर्षानुवर्षं उघड्यावर उभी राहिलेली गाडी वरून चकचकीत असते आणि बॅटरीच्या डब्याखाली, मडगार्डच्या आतल्या बाजूला, साइड स्टँडच्या जोडापाशी गंज धरून बसलेली असते. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने तिथे टोचून बघा. पापुद्रा निघाला तर घासून चालेल, टोक आत गेलं तर गाडी सोडा. टाकीत मोबाइलचा टॉर्च मारून आत तांबूस थर आहे का तेही पाहा.

बजेटची विभागणी बहुतेक लोक उलटी करतात. अर्धे पैसे इंजिन, ब्रेक, टायर, बेअरिंग आणि वायरिंगला बाजूला काढा. उरले त्यात दिसणं भागवा.

जागा, हत्यारं, बाजार

पार्किंगमध्ये ग्राइंडर आणि वेल्डिंग नकोच. पेट्रोलच्या टाक्या शेजारी उभ्या असतात आणि दुपारी झोपलेले आजोबा वर. कापकाम, लेथ, वेल्डिंग बाहेर करून आणा, घरी फक्त जोडणी. तेवढ्यासाठी ८ ते २४ चे रिंग आणि फिक्स पाने, अॅलन की, सॉकेट सेट, टॉर्क पाना, मल्टिमीटर आणि फ्रेमखाली घालायला एक भक्कम स्टँड पुरतो.

पाने, बेअरिंग, नट-बोल्ट नागदेवी स्ट्रीटवर. वायर, रिले, हीट श्रिंक (तापवल्यावर आवळून बसणारी नळी), कनेक्टर लॅमिंग्टन रोडवर. जुने-नवे सुटे भाग कुर्ल्याला सीएसटी रोडवर, आणि रविवारी नशीब जोरावर असेल तर चोर बाजारात. पत्रा किंवा पट्टीचे तुकडे दारुखान्यात किलोवर मिळतात. सीटसाठी धारावी. बोल्ट घेताना डोक्यावर ८.८ कोरलेलं आहे का बघा. चकचकीत स्टेनलेसचे बोल्ट दिसायला सुंदर, पण साधारण मिळणारा ए२-७० ग्रेड ताकदीत ८.८ पेक्षा कमी असतो. नंबर प्लेटला स्टेनलेस लावा, ब्रेक कॅलिपरला आणि शॉकअपला कधीच नाही.

खोलण्याआधी गाडी चालू स्थितीत नीट करून घ्या. ऑइल, प्लग, ब्रेक शू किंवा पॅड, चाकांची बेअरिंग, स्टिअरिंगचे गोळे. बिघडलेली गाडी खोलली की नंतर दोष जुना की आपल्या कामाचा, ते कळत नाही. मग प्रत्येक जोडाचे फोटो, प्रत्येक वायरला मास्किंग टेपची चिठ्ठी, आणि बोल्ट ज्या भोकातून काढला त्याच्या नावाची पिशवी. बुलेटच्या मागच्या मडगार्डला वायसर वेगवेगळ्या जाडीचे असतात, ते एकत्र झाले की परत बसवताना अर्धा दिवस जातो.

मागचं मडगार्ड आणि सीट: खरी बॉबर इथे होते

गाडीचं मूळ मडगार्ड कापू नका. दुसरं एक घ्या, पोचे असलेलं चालेल, आणि ते कापा. मूळ मडगार्ड कापडात गुंडाळून माळ्यावर.

आता एक निर्णय. मडगार्ड फ्रेमला बसवायचं की चिमट्याला, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या, वर-खाली होणाऱ्या स्विंगआर्मला? फ्रेमला बसवलं तर चाक खड्ड्यात वर येतं आणि मडगार्ड जागेवरच राहतं. मध्ये चाकाच्या पूर्ण प्रवासाएवढी मोकळी जागा लागते. क्लासिकला मागे साधारण ८० मिमी प्रवास आहे. म्हणजे टायर आणि मडगार्ड यांत चांगलं चार बोटांहून जास्त अंतर दिसणार, आणि बॉबरचा तो टायरला बिलगलेला आकार येत नाही. चिमट्याला बसवलं तर मडगार्ड चाकाबरोबर वर-खाली होतं, त्यामुळे टायरपासून २० मिमीवर ठेवता येतं. पण मग खड्ड्यांचा प्रत्येक दणका थेट त्याच्या पट्ट्यांना बसतो. पट्टी किमान ५ मिमी जाडीची, वळणावर धारदार कोपरा न ठेवता गोलाई दिलेली, आणि मडगार्डच्या आतून बोल्टाखाली रुंद वायसर. तरीही पट्टीला चीर पडते ती बोल्टच्या भोकापासूनच. दर महिन्याला तिथे बोट फिरवायची सवय ठेवा. शिवाय दिवा आणि नंबर प्लेट मडगार्डवर असेल तर तिथे जाणाऱ्या वायरला चिमट्याच्या सांध्यापाशी सैल वळसा द्या, नाहीतर ती रोज वाकून एक दिवस आतल्या आत तुटते.

रोज चालवायच्या गाडीला मी फ्रेमचाच पर्याय सुचवेन, थोडा देखणेपणा सोडून. दोन्हीपैकी काहीही केलं तरी ही चाचणी चुकवू नका: गाडी स्टँडवर घट्ट उभी करा, दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढा, आणि चाकाखाली जॅक लावून ते हळूहळू वर घ्या. मूळ शॉकअप पूर्ण दबल्यावर त्याच्या दोन भोकांमधलं अंतर किती राहतं ते आधी स्प्रिंग काढून मोजून ठेवलेलं असलं पाहिजे. चाक तेवढं वर आल्यावर टायर मडगार्डला, बोल्टच्या आत आलेल्या टोकांना, वायरला किंवा सीटच्या तळाला लागतो का ते टॉर्च घेऊन बघा. बोल्टची टोकं आतल्या बाजूला असणं हा सगळ्यात घातकी प्रकार. बोल्ट नेहमी आतून घालायचा, डोकं टायरकडे, नट बाहेर.

सीट एकट्याची, पुढे बिजागरी, मागे दोन स्प्रिंग. क्लासिकची मूळ सीट याच पद्धतीची, त्यामुळे तिचाच सांगाडा घेऊन वरची गादी बदलणं हा सर्वांत शहाणपणाचा मार्ग. आरसीवर बसणारे दोन लिहिलेले असतात, म्हणून मागची सीट, तिचे बोल्ट आणि मागचे फूटरेस्ट सांभाळून ठेवा. नवा तळ करायचा असेल तर २ ते ३ मिमी पत्रा, कडा दुमडलेल्या. फोम दोन थरांचा: खाली कडक रिबॉन्डेड, वर बोटभर मऊ. सगळा मऊ फोम घातला तर अर्ध्या तासात तळ हाडांना लागतो. चामडं धारावीत फार सुरेख मिळतं, पण जुलैत त्यावर बुरशी चढते आणि पाणी शिवणीतून फोममध्ये उतरून तिथेच मुक्काम करतं. मुंबईत जाड रेक्झिन वापरा, शिवण बसायच्या भागाऐवजी कडेला घ्या, आणि तळाला पाणी निघायला दोन भोकं ठेवा. बसून बघताना मित्राला मागून स्प्रिंग बघायला सांगा: पूर्ण वजन टाकून उसळी घेतली तरी सीटचा तळ मडगार्डला टेकता कामा नये.

पुढचं मडगार्ड पूर्ण काढायचा मोह आवरा. पहिल्या पावसात चाकाचं पाणी थेट इंजिनावर आणि तोंडावर येतं. त्याच्या पट्ट्या फोर्कचे दोन पाय एकमेकांना बांधूनही ठेवतात. आखूड करा, ठेवा.

चाकं आणि गाडीची बैठक

जाड मागचा टायर म्हणजे बॉबर, हे खरं. क्लासिकचा ११०/९०-१८ टायर काढून १६ इंची रिमवर १३०/९० घातला तर व्यास साधारण ६५५ मिमीवरून ६४० मिमी होतो, म्हणजे जेमतेम सव्वादोन टक्क्यांचा फरक. गिअरिंग जवळपास तेच राहतं, रिम लहान होऊन टायर फुगीर दिसतो. गोअन क्लासिकमध्येही पुढे १९ आणि मागे १६ हीच जोडी आहे. अडचण रुंदीची. टायर आणि चेन, टायर आणि चिमटा यांमध्ये करंगळी आरपार गेली पाहिजे, तीही हवा पूर्ण भरलेली असताना. बसत नसेल तर चिमटा घासू नका, एक माप बारीक टायर घ्या. स्पोक बांधायचं आणि रिम सरळ करायचं काम अनुभवी कारागिराकडे. तुम्ही फक्त परत आल्यावर चाक फिरवून, चिमट्याला पेन टेकवून, रिम किती डोलते ते बघा.

मागे आखूड शॉकअप लावून गाडी खाली बसवतात. मागून २५ मिमी खाली आणली की सुमारे १३७० मिमी व्हीलबेसवर (दोन चाकांमधल्या अंतरावर) गाडीचा कल साधारण एक अंशाने बदलतो. स्टिअरिंग जड आणि आळशी होतं, ट्रॅफिकमधून वळवताना जाणवतं. साइड स्टँडवर गाडी जास्त उभी राहते आणि वाऱ्यानेही कलंडू शकते. वरून प्रत्येक सोसायटीच्या गेटवरचा स्पीड ब्रेकर सायलेन्सरला भेटतो. पुढूनही तेवढंच खाली घेऊ म्हणाल तर क्लासिकचा वरचा क्लॅम्प आणि हेडलॅम्पचा डबा एकाच ओतकामाचा आहे, त्यातून फोर्क वर सरकवता येत नाही. थोडक्यात, २० ते २५ मिमीच्या पुढे जाऊ नका. शक्य असेल तर शॉकअप मूळचेच ठेवा आणि सीट खाली घ्या. डोळ्याला गाडी तेवढीच बसकी दिसते.

बैठक बदलली की चेनचा ताण पुन्हा बघायचा. चेनचं पुढचं दातेरी चक्र, चिमट्याचा सांधा आणि मागचा एक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सर्वांत ताठ असते. त्या स्थितीत ती तंग होत नाही याची खात्री करा. एरवी मध्यभागी २५ ते ३० मिमी खेळ ठेवा.

हँडल रुंद आणि चपटं, २२ मिमी नळीचं, मूळ क्लॅम्पमध्ये बसणारं. बसवल्यावर इंजिन स्लोवर चालू ठेवून हँडल डावीकडे टोकापर्यंत, मग उजवीकडे टोकापर्यंत वळवा. रेस आपोआप वाढली तर थ्रॉटलची वायर आखूड पडते आहे किंवा कुठेतरी दबते आहे. क्लच वायर आणि ब्रेकचा होजही तसाच ताणून बघा. टाकीवर हात चिरडत असेल तर हँडल बदला, टाकीला पोचा पाडून जागा करू नका.

वायरिंग

बॉबरवर झाकायला काही उरत नाही, म्हणून सगळी वायर सीटखाली आणि टाकीखाली लपवायची असते. मूळ हार्नेस, म्हणजे वायरचा जुडगा, कापण्यापेक्षा गुंडाळून, जादा फाटे टेप करून बांधून ठेवा. नवा जोड आला तर क्रिम्प, म्हणजे दाबून बसवलेला जोड, आणि त्यावर गोंद असलेली हीट श्रिंक. नुसती काळी टेप एका पावसाळ्यात सुटते. अर्थिंगच्या जागी पावडर कोटिंग खरवडून धातू उघडा करा, बोल्ट आवळा, वरून ग्रीस. बुलेटच्या निम्म्या 'अधूनमधून बंद पडते' तक्रारी इथेच सुटतात.

इंडिकेटर एलईडी केले की ते भराभर फडफडू लागतात, कारण जुना फ्लॅशर बल्बच्या भारावर चालतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर लावला की झालं. बॅटरी छोटी घ्यायचा विचार असेल तर सेल्फ स्टार्टर विसरा. जास्त वॉटचा हेडलॅम्प बल्ब नको: वायर तापते आणि समोरचा आंधळा होतो.

सायलेन्सर

आवाज मोठा म्हणजे गाडी दमदार, हा समज जाता जात नाही. राज्यात अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले असे सायलेन्सर रस्त्यावर मांडून रोलरखाली चिरडले आहेत. मूळ सायलेन्सर किंवा आत जाळी-बफल शाबूत असलेला आखूड, काळा केलेला सायलेन्सर पुरतो. पाइपवर कापडी पट्टी गुंडाळायची फॅशन मुंबईत वाईट. पट्टी ओलावा धरते आणि पाइप तिच्याखाली सडतो.

ट्यूनिंग

एअर फिल्टरचा डबा काढून शंकूचा उघडा फिल्टर लावायचा नाही, ही माझी अट समजा. यूसीईचा कार्ब्युरेटर व्हॅक्यूमवर चालतो. आतला पिस्टन हवेच्या दाबाने वर उचलला जातो. त्याला शांत, एकसारखी हवा लागते आणि ती डब्यातून मिळते. उघड्या फिल्टरने मधल्या रेसला गाडी अडखळते, लोक जेट (पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा भाग) बदलत बसतात आणि दोष जात नाही. शिवाय मेट्रोच्या कामांची धूळ आणि हिंदमाताला तुंबणारं पाणी.

सुरुवात कार्ब्युरेटरने करू नका. आधी प्लग, फिल्टर, टाकीचा कॉक, पेट्रोलचा पाइप. मग इनटेकच्या रबरी जोडावर, इंजिन स्लोवर असताना, कार्ब क्लीनरचा बारीक फवारा मारा, गरम सायलेन्सरपासून लांब. रेस बदलली तर तिथून हवा आत शिरते आहे. ते रबर बदलल्याशिवाय पुढचं सगळं व्यर्थ. बिडाच्या इंजिनाला पुशरॉड आणि पॉइंटही आधीच बघायचे: इंजिन थंड, पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे पण वर-खाली हलता कामा नये, पॉइंटमधली फट ०.३५ ते ०.४० मिमी.

आता पंपावर मिळणारं ई२० पेट्रोल लक्षात घ्या. शुद्ध पेट्रोलला हवा-इंधनाचं प्रमाण साधारण १४.७ ला १ लागतं, वीस टक्के इथेनॉल मिसळलं की ते १३.५ च्या आसपास येतं. म्हणजे जुन्या जेटवर गाडी आपोआप कोरडी, म्हणजे कमी पेट्रोलवर, चालते: थंड असताना चोक जास्त वेळ लागतो, थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फटफट, उन्हात इंजिन जास्त तापतं. जुन्या कार्ब्युरेटरची रबरी वायसर, फ्लोटची सुई आणि पेट्रोल पाइप इथेनॉल चालणारे नवे घाला, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर फ्लोटचा डबा रिकामा करा.

स्लोचं सेटिंग असं. दहा-पंधरा मिनिटं चालवून इंजिन गरम करा. मिक्श्चरचा स्क्रू हलक्या हाताने, दोन बोटांनी, आत टेकेपर्यंत फिरवा. जोर लावला तर त्याचं टोक आणि बसायची जागा दोन्ही जातात. तिथून दीड ते दोन फेरे बाहेर. आता पाव-पाव फेरा दोन्ही बाजूंना फिरवत, प्रत्येक वेळी दहा सेकंद थांबत, रेस सर्वांत वर आणि स्थिर कुठे येते ती जागा शोधा. मग स्लोचा मोठा स्क्रू कमी करून रेस खाली आणा आणि पुन्हा एकदा पाव फेऱ्याची खात्री. एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा: यूसीईमध्ये हा स्क्रू इंजिनाच्या बाजूला आहे आणि इंधन सोडतो, बाहेर काढला की मिश्रण श्रीमंत, म्हणजे जास्त पेट्रोलचं, होतं. बिडाच्या बुलेटच्या मिककार्ब कार्ब्युरेटरला तो फिल्टरच्या बाजूला आहे आणि हवा सोडतो, तिथे आत घातला की श्रीमंत.

पुढची तपासणी थ्रॉटलच्या भागांनुसार. ग्रिपवर आणि स्विच हाउसिंगवर मास्किंग टेप लावून बंद, पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण अशा खुणा करा. पहिल्या अष्टमांशापर्यंत पायलट जेट आणि तो स्क्रू, पावापासून पाऊणपर्यंत सुई, त्यापुढे मेन जेट. दोष ज्या खुणेवर दिसतो, तोच भाग बदलायचा. पाव ते अर्ध्यावर गाडी हिसके देत असेल तर मेन जेट बदलून काही होणार नाही. सुई वर उचलायला हवी. यूसीईच्या सुईला खाचा नसतात, तिथे सुईच्या डोक्याखाली अर्धा मिमी जाडीचा छोटा वायसर घालतात. मेन जेट बदलायचाच झाला तर मूळ नंबरावरून एकच पायरी वर.

पूर्ण थ्रॉटलची परीक्षा रविवारी पहाटे, रिकाम्या चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये, वेगमर्यादेत राहून. पाच-सात सेकंद पूर्ण उघडून मग क्लच दाबा, किल स्विच मारा, कडेला थांबा, प्लग काढा. आतलं पांढरं चिनी मातीचं टोक फिकट विटकरी ठीक, काजळीने काळं म्हणजे पेट्रोल जास्त, शुभ्र आणि कोरडं म्हणजे कमी. कमी पेट्रोलवर गाडी हाणणं पिस्टनला महागात जातं.

घरच्या ट्यूनिंगला थोडक्या पैशांत मिळणारं खरं यंत्र म्हणजे पीयूसी. कागद घेऊन खिशात घालू नका, त्यावरचा सीओचा (कार्बन मोनॉक्साइडचा) आकडा वाचा. २००० नंतरच्या फोर स्ट्रोक कार्ब्युरेटरवाल्या दुचाकीला मर्यादा ३.५ टक्के. स्लोवर दोन ते तीनच्या मध्ये असेल तर मिश्रण चांगलं जमलं आहे. अर्ध्या टक्क्याच्या खाली दिसला की खूश होण्याआधी हवेची गळती शोधा. पीयूसीवाल्याला विनंती केली तर तो नळी लावून ठेवतो आणि तुम्ही तिथेच स्क्रू पाव फेरा फिरवून आकडा हलताना बघू शकता. गर्दीच्या वेळी जाऊ नका, एवढंच.

पहिले पाचशे किलोमीटर

बुलेट थरथरते आणि बोल्ट सैल होतात, म्हणून सुरुवातीच्या दिवसांत दूर जाऊ नका. तसंही सी लिंक, कोस्टल रोड, ईस्टर्न फ्रीवे आणि अटल सेतू दुचाकीला बंदच आहेत; मरीन ड्राइव्हला पहाटेची फेरी मारा. पन्नास किलोमीटरनंतर प्रत्येक नवा बोल्ट टॉर्क पान्याने तपासा, ८.८ ग्रेडच्या एम८ बोल्टला कोरड्या आट्यांवर साधारण २५ न्यूटन मीटर पुरतात, इंजिन आणि चाकांचे आकडे मॅन्युअलमधून घ्या. थरथर जास्त तिथे नायलॉनचे लॉकनट किंवा निळा थ्रेड लॉक. बसवताना प्रत्येक नटावर पांढऱ्या पेनने रेघ ओढून ठेवली असेल तर कोण फिरलं हे पाना न लावताच दिसतं.

स्पोक पेन्सिलने एकेक वाजवून बघा; बद्द आवाज करणारा सैल झालेला असतो. दोनशेला चेन आणि मागच्या मडगार्डच्या पट्ट्या. पाचशेला इंजिन ऑइल, आणि त्याच वेळी ब्रेक ऑइल जुनं असेल तर डॉट ४ नवं भरा. ते हवेतला ओलावा शोषतं आणि मुंबईच्या हवेत ओलाव्याला तोटा नाही. जूनच्या आधी फ्रेमच्या आतल्या बाजूला, मडगार्डच्या पोटात आणि बॅटरीच्या डब्याखाली अँटी रस्टचा फवारा मारून घ्या, आणि टाकीचं झाकण पाणी आत सोडत नाही ना, ते वरून तांब्याभर पाणी ओतून एकदा बघा.